सर्व्हिसचा पैसा पडवीत बसून कसा मोजावा

दुबई, शारजा किंवा अबुधाबीतली खाजगी नोकरी सोडून कायमचे गावी यावे असे मनात आले, की पहिले काम म्हणजे सर्व्हिसचा पैसा, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने नोकरीच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम, किती मिळेल याचा अंदाज बांधणे. आणि या कामासाठी नोकरीचा करारनामा उघडून बसणे यासारखा दुसरा अविचार नाही. करारनाम्यात पगाराचे तुकडे पाडलेले असतात. पाच हजार दिरहम पगार म्हणून ज्याची वाडीत ख्याती असते, त्याच्या कागदावर ‘बेसिक’च्या, म्हणजे मूळ पगाराच्या, रकान्यात दोनच हजार लिहिलेले असतात, आणि बाकीचे तीन हजार घरभाडे, प्रवास व इतर भत्ते या नावांखाली वाटलेले असतात. सुट्टीवर आलेल्या माणसाने असला आकडा पाहिला तर त्याच्या घशाखाली घावनसुद्धा उतरणार नाही. तेव्हा तो कागद माळ्यावरच्या बॅगेत आहे तिथेच राहू द्यावा.

अंदाज बांधण्याची योग्य जागा म्हणजे पडवी आणि योग्य वेळ म्हणजे मे महिना, कारण आंब्याच्या निमित्ताने सगळे जाणकार तेव्हा गावात असतात. खेड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात असे जाणकार शोधत फिरावे लागत नाही. कुवेतला उमेदीची वर्षे घालवून आलेले काका असतात, सौदीहून परतलेले मोहल्ल्यातले चाचा असतात आणि मस्कतला नोकरीत असलेला मेहुणाही असतो. यातला प्रत्येक जण आपापल्या देशाचा कायदा सांगतो आणि बहुधा बरोबरच सांगतो, हीच त्यातली मौज. काका म्हणतात की एका दिवसाचा पगार काढताना महिन्याच्या पगाराला तिसाने नव्हे, सव्वीसाने भागायचे. कुवेतच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे ते खरे आहे. मात्र तिथे पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला पंधराच दिवसांचा पगार धरतात आणि एकूण रकमेला दीड वर्षाच्या पगाराची मर्यादा असते, हे काका सांगत नाहीत आणि तुम्हीही विचारू नये. चाचा ठासून सांगतात की हिशेब भत्ते धरून शेवटच्या पूर्ण पगारावर होतो. सौदीत तो तसा होतोच, फक्त पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार मिळतो. मेहुण्याच्या ओमानमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिल्या वर्षापासूनच वर्षाला एक महिना देऊ केला आहे. तो मूळ पगाराचा असतो, ही किरकोळ बाब झाली.

आता शहाण्या माणसाने या तिघांच्या घरची आमटी एकाच टोपात ओतावी. काकांकडून सव्वीस घ्यावेत, चाचांकडून पूर्ण पगार घ्यावा आणि मेहुण्याकडून वर्षाला एक महिना घ्यावा. तुमची नोकरी बारा वर्षांची असेल, तर पाच हजार भागिले सव्वीस, गुणिले तीनशे साठ, म्हणजे एकोणसत्तर हजार दिरहमांच्या वर रक्कम जाते. तिचे रुपये करताना गेल्या काही वर्षांतला सर्वांत चढा भाव धरावा, कारण तुमची पाळी येईपर्यंत रुपया आणखी घसरणारच आहे, असे पडवीतल्या सर्वांचे एकमत असते.

घरात कॉमर्स शिकलेला एखादा भाचा असेल, तर एवढ्यात तो मोबाईल घेऊन मध्ये तोंड घालील. संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा तेहतीस क्रमांकाचा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, असे सांगून तो पुढे म्हणेल की पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी एकवीस दिवस, पुढच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवस आणि तेही शेवटच्या मूळ पगाराचे. म्हणजे एकशे पाच अधिक दोनशे दहा, एकूण तीनशे पंधरा दिवस, आणि दोन हजार भागिले तीस या दराने बरोबर एकवीस हजार दिरहम. अशा मुलाला ताबडतोब विहिरीवर पाणी आणायला पाठवावे. एकोणसत्तर आणि एकवीस यांतला फरक म्हणजे घराचा अख्खा वरचा मजला, आणि तो एका पोराच्या बोलण्यावरून पाडून टाकणे कोणत्याही बापाला शोभत नाही.

गणपतीचीही गोष्ट तशीच आहे. दीड दिवसाचा गणपती असो की गौरीबरोबर जाणारा, मंजूर रजा संपली तरी बिनपगारी दिवस वाढवून विसर्जन उरकूनच परत जाणे हा कोकणी माणसाचा धर्म आहे. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस नोकरीच्या मुदतीत मोजले जात नाहीत हे खरे, पण देवाच्या कामासाठी घेतलेले दिवस कंपनी कापील असे मानणे म्हणजे नास्तिकपणाच. तुम्ही बारा वर्षे पूर्ण धरावीत.

नोकरी सोडण्याच्या पद्धतीविषयी काकांचा सल्ला विशेष मोलाचा असतो: राजीनामा कधीही देऊ नये, काढून टाकेपर्यंत चिवटपणे बसून राहावे, कारण राजीनामा दिला की पैसे बुडतात. चाचांच्या सौदीत याला आजही आधार आहे. तिथे दोन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास काहीच मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, दहा वर्षांपर्यंत दोन तृतीयांश आणि दहा वर्षांनंतर पूर्ण रक्कम मिळते. अमिरातीत नव्या कायद्याने ही कपात काढून टाकली, आणि जुन्या कायद्यातही पाच वर्षे भरल्यावर ती उरत नव्हती. तरीही तुम्ही बसून राहावेच. कंटाळलेल्या मॅनेजरच्या नजरेखाली आणखी दोन वर्षे काढल्याशिवाय नोकरी केल्याचे समाधान मिळत नाही.

शेवटचा दिवस मात्र घाईचा असावा. करार संपल्यापासून चौदा दिवसांच्या आत सर्व पैसे चुकते करण्याचे बंधन मालकावर असते, पण तुम्ही तिकीट आधीच काढून ठेवावे, विमानाला चार तास राहिले असताना ऑफिसात जावे आणि ‘सर्व येणे मिळाले, काही तक्रार नाही’ अशा अर्थाचा कागद पुढे सरकवला जाताच, पैसे हातात येण्याआधीच त्यावर वळणदार सही ठोकावी. उरलेली रक्कम नंतर बँकेत जमा होईल असे सांगणारा कारकून नेहमी हसतमुख असतो, आणि हसणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणे आपल्याकडे रीतीला धरून नाही. श्रम मंत्रालयात दाद मागता येते, पन्नास हजार दिरहमांपर्यंतच्या वादात ते स्वतःच निर्णय देते आणि दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, ही माहिती त्या भाच्याला कितीही तोंडपाठ असली, तरी पहिले वर्ष वाट पाहण्यात आणि दुसरे लाजेत घालवणे बरे दिसते.

यापेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे घर. पैसे हातात येण्यापूर्वी ते बांधायला काढावे, कारण एकदा पाऊस लागला की काम थांबते. चिरा चांगल्या खाणीतला घ्यावा, जोते शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा हातभर उंच घ्यावे आणि ठेकेदाराला एकोणसत्तर हजारांच्या हिशेबाने उचल द्यावी. पुढे एकवीस हजार जमा झाले, त्यातून कंपनीकडून घेतलेली उचल वजा झाली आणि पहिल्या स्लॅबवरच काम थांबले, तर खांबांच्या सळया तशाच वर आभाळाकडे राहू द्याव्यात. त्यांच्या टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या बसवाव्यात, म्हणजे गंज जरा उशिरा धरतो. आणि एसटीतून उतरणारा कोणी वर बघून विचारू लागला, तर वरचा मजला मोठ्या मुलाच्या सेटलमेंटवर ठेवला आहे, असे सांगावे.