टाकीतली रंगपंचमी

गेला महिनाभर रात्री आमच्या घरात कुणीतरी 'स्सस्स' करत होतं. मला वाटलं, नानांनी घोरण्याची चाल बदलली. बायको म्हणाली, "फ्लशची टाकी गळतेय."

सिंहगड रस्त्यावर राहायचं, खडकवासल्यात किती पाणी उरलं ते रोज पेपरात वाचायचं, टँकरचे पैसे भरायचे आणि रात्रभर घरातलंच पाणी वाया जाताना ऐकायचं! प्लंबर तीन दिवस "निघालोच" म्हणत होता.

गळती नक्की आहे का ते पाहायला टाकीत रंग टाकतात. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला, तर बहुधा तळाचा वॉशर गेला. घरात रंगपंचमीचा उरलेला लाल होता. तो टाकला आणि नानांना सांगायचं राहिलं.

दहा मिनिटांनी नाना भिंतीला धरून बाहेर आले. "सूनबाई, डॉक्टरांना फोन लाव. आणि माझी एफडीची पावती कपाटात वरच्या खणात आहे."

गळती सिद्ध झाली. नाना मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून झाकण काढलं. बोअरच्या पाण्यानं आत क्षारांची लेणी उभी केली होती. पाताळेश्वरानंतर एवढं कोरीव काम मी पुण्यात पाहिलं नव्हतं. ॲसिडची बाटली उचलली तर बायको म्हणाली, "ते रबर खातं." मग लिंबूसत्वाचं पाणी करून टाकीत अर्धा तास ठेवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं. (ब्रश जुना नव्हता, हे सकाळी मुलाकडून कळलं.)

वॉशर दगडासारखा झाला होता. हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीत गेलो.

"वॉशर द्या, फ्लशचा."

"कुठला?"

"गोल."

"चौकोनी अजून निघाला नाही. जुना आणलाय?"

"नाही."

"मग मी अंदाजानं देतो, तुम्ही अंदाजानं बसवा, पाणी अंदाजानं थांबेल."

घरी येऊन वॉशर घेतला, हाताशी आलेल्या बाकरवडीच्या रिकाम्या पाकिटात घातला आणि परत गेलो. पाकीट बघून दुकानदार आयुष्यात पहिल्यांदा हसला असावा. उघडल्यावर हसू मावळलं, पण वॉशर बरोबर दिला. "जुना घेऊन या" एवढं आधीच सरळ सांगता आलं असतं, पण मग ते पुण्यातलं दुकान कसलं!

वॉशर बसला. टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा फ्लोटही खाली घेतला; पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला लागत होतं. ते इंचभर खाली थांबायला हवं, नाहीतर नवा वॉशर असूनही नळीतून गळत राहतं.

पुन्हा रंग टाकला. या वेळी नानांना आधी सांगितलं. ते दारात खुर्ची टाकून बसले, अर्धा तास कुणालाही आत जाऊ दिलं नाही. मुलगा एका पायावर नाचत होता. नानांनी घड्याळ पाहिलं, चष्मा लावला, आत गेले.

"पांढरं!"

मुलगा त्यांना ढकलूनच आत घुसला.