भेकाच्या पाठीवर बसलेलं ते पिल्लू नव्हे

मोठ्या भेकाच्या (बेडकासारखा प्राणी, इंग्रजीत ‘टोड’) पाठीवर चिकटलेला छोटा भेक, आणि खाली मजकूर: ‘आई ती आईच! पिल्लाला पाठीवर घेऊन रस्ता ओलांडतेय.’ हा फोटो पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे.

वरचा भेक पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला नर आहे. भेकांमध्ये मादी सहसा नरापेक्षा मोठी असते, म्हणून गल्लत होते. खरं पिल्लू आधी पाण्यात शेपटीवाला बेडूकमासा असतं. पाय फुटून ते जमिनीवर येतं तेव्हा जेमतेम सेंटिमीटरभर असतं, आणि आई तर अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते.

‘मायेने बिलगलंय’ म्हणे. ती माया नव्हे, पकड आहे. नर पुढच्या पायांनी मादीला तिच्या काखांखालून आवळतो. विणीच्या हंगामात त्याच्या बोटांवर खरखरीत गाद्या येतात, त्यामुळे ओल्या अंगावरही पकड सुटत नाही. बरेचदा तो तिला तळ्याच्या वाटेवरच गाठतो. पाण्यात ती जेलीच्या लांबलचक दोऱ्यांत अंडी सोडते, युरोपातला सामान्य भेक असेल तर हजारोंनी, आणि त्याच वेळी तो त्यांवर शुक्राणू सोडतो. फलन शरीराबाहेर होत असल्यामुळे तोवर जागा सोडणं त्याला परवडत नाही, कारण ती बळकवायला इतर नर टपलेलेच असतात. डेव्हिस आणि हॅलिडे या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं, की आवाज जितका खर्जातला तितका नर मोठा, आणि तसा आवाज ऐकला की प्रतिस्पर्धी हल्ला करायला कचरतात. मला तर हे त्या खोट्या मजकुरापेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं.

‘ती आनंदाने ओझं वाहते’ हेही खरं नाही. केन टोड या जातीच्या भेकांच्या माद्या अंग फुगवून नराची पकड ढिली करतात, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये नोंदवलं. कधी कधी तर अनेक नर एकाच मादीवर तुटून पडतात आणि त्यांच्याखाली ती बुडून मरते.

पाठीवर संतती वाढवणारा भेक मात्र आहे: सुरिनाम भेक. पण त्याची अंडी मादीच्या पाठीच्या कातडीत रुतलेली असतात. मिडवाइफ टोडमध्ये तर अंड्यांची माळ बाप मागच्या पायांभोवती गुंडाळून फिरतो.

अशा फोटोखाली कुणीतरी ‘पिल्लाला सोडवलं’ असंही लिहितं. कृपा करून सोडवू नका. जोडी रस्त्यात दिसली तर हात ओले करून दोघांना एकत्रच उचला आणि ती ज्या दिशेला निघाली होती त्याच बाजूला ठेवा.