पिको मोजलं तर गोव्याचं काय बिघडतं?

'पोर्तुगालचं खरं सर्वोच्च शिखर मुख्य भूमीवरचं तोरे, 1993 मीटर. अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांवरचं पिको सर्वोच्च म्हणून मोजणं म्हणजे वसाहतीची उंची चोरणं. पूर्वी तिमोरचं रामेलाव मोजायचे, आता पिको. फरक काहीच नाही.' हा मजकूर सध्या पणजीपासून पेडण्यापर्यंत फोनाफोनांवर फिरतोय. पाखल्याला, म्हणजे पोर्तुगिजाला, चिमटा काढलेला आम्हां गोंयकारांना आवडतोच. पण या चिमट्यात बोट आपलंच सापडतं.

समुद्रापलीकडे म्हणजे वसाहत? मग स्पेनचं तैदे, 3715 मीटर, कॅनरी बेटांवर आहे. त्यावर कुणी तक्रार करत नाही. आपलं अंदमानही समुद्रापलीकडेच.

तिमोर पोर्तुगालच्या ताब्यात होतं तेव्हा रामेलाव मोजायचे, हे मात्र खरं. माझे मामा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला डोंगर कधी चढले नाहीत, पण 'पोर्तुगालचा सर्वांत उंच पर्वत रामेलाव' हे अजून झोपेतही म्हणतील.

आता 'फरक काहीच नाही' याकडे येऊ. पोर्तुगीज पोहोचले तेव्हा अझोरेसवर माणूस नव्हता, हे उत्तर बरेच जण देतात. ते पुरत नाही. केप व्हर्दे ही पोर्तुगालची जुनी वसाहतही निर्मनुष्यच होती आणि तिथलं फोगो, 2829 मीटर, पिकोपेक्षा (2351) उंच आहे. नुसत्या कागदावरही जाऊ नये. 1951 साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने घटनेतला 'वसाहती' शब्द पुसून 'सागरपार प्रांत' लिहिला. लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत गोव्याचे प्रतिनिधीही बसत. म्हणून गोवा पोर्तुगाल झाला का?

डिसेंबर 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांची यादी केली. तीत तिमोर आहे, केप व्हर्दे आहे, गोवाही आहे. अझोरेस नाही. आज तिथले लोक 1976 च्या घटनेखाली स्वायत्त आहेत आणि लिस्बनच्या संसदेसाठी इतरांसारखंच मत देतात.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरलं, तेव्हा पोर्तुगाल सुरक्षा परिषदेत गेला. आपल्याच भूमीवर आक्रमण झालं, ही त्याची तक्रार. पिको आणि रामेलाव यांत फरक नाही म्हणणारे आमचे मित्र नकळत त्याच तक्रारीवर सही करतात.