पिट्स लावू की ऑटन?

मंद्याच्या फँटसी संघात (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू घेऊन, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचा खेळ) सध्या तीन टाइट एंड आहेत. लावायचा असतो एक.

न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर चहाच्या दुकानाबाहेर पार्किंगची बुटकी सिमेंटची भिंत आहे, तो आमचा कट्टा. आज २ नोव्हेंबर २०२४, पाडवा. मिठाईच्या दुकानांपुढे रांगा, जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या, आणि भिंतीवर आम्ही पाच जण. प्राजक्ताने घरून चकल्या आणल्या होत्या. जोशी काका मफलर गुंडाळून बसले होते. मुलाकडे आलेत, मूळ मुक्काम दादर. मंद्या मात्र फोनमध्ये डोकं घालून उभा.

"पिट्स लावू की ऑटन?"

"किटल कुठं गेला?" मी विचारलं.

"फोर्टी नाइनर्सना बाय आहे ना या आठवड्यात."

म्हणजे त्याच्या संघालाच सुट्टी. नवव्या आठवड्यात किटल घरी बसणार आणि मंद्याला वर्षातून एकदा येणारा तो प्रश्न आला, ज्याची तो खरं तर वाट बघत असतो: काइल पिट्सचं काय करायचं?

"टाइट एंड म्हणजे नक्की काय रे?" काकांनी विचारलं.

"लाइनच्या टोकाला उभा राहणारा, काका. कधी धक्के मारून दुसऱ्यासाठी वाट मोकळी करायची, कधी स्वतः पळत जाऊन चेंडू झेलायचा."

"म्हणजे आपला विकेटकीपर बॅट्समन."

तसं धरायला हरकत नाही. दोन्ही कामं बरी करणारे पुष्कळ, एकात थोर असणारे मोजके. म्हणून तर फँटसीत या जागेवरून सगळ्यांचीच डोकेदुखी होते.

सुहास पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालंय. त्याला हे सगळं ड्रीम इलेव्हनच्या हिशेबाने कळतं. "दर मॅचला नवी टीम बनवायची ना, एवढं काय त्यात?" त्याला समजावलं की इथं ऑगस्टमध्ये ड्राफ्ट झाला, दहा जणांनी आळीपाळीने खेळाडू उचलले, जो एकाकडे गेला तो दुसऱ्याला नाही. डिसेंबरपर्यंत त्यांच्यासोबतच संसार. झेलाला १ गुण, दहा यार्डांना १, टचडाउनला (चेंडू गोल लाइनपार नेला की) ६. कॅप्टनचे दुप्पट वगैरे काही नाही.

"आणि मंद्याने हा पिट्स किती वर्षं घेतलाय?"

"चार," प्राजक्ता म्हणाली. "सलग."

आता मंद्याची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच खुळी नाही. २०२१ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये अटलांटा फाल्कन्सने पिट्सला चौथ्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर टाइट एंड त्याआधी कुणी घेतलाच नव्हता. सहा फूट सहा इंच उंची, पळणं वाइड रिसीव्हरसारखं, म्हणजे लांब पळून चेंडू झेलणाऱ्यासारखं. पहिल्याच वर्षी ६८ झेल आणि १,०२६ यार्ड. पदार्पणात हजार यार्ड करणारा त्याच्याआधीचा टाइट एंड माइक डिटका, तोही १९६१ साली.

"टचडाउन किती?" मी मुद्दाम विचारलं.

"एक," मंद्या पुटपुटला.

तो एकही लंडनला, टॉटनहॅमच्या मैदानावर, आमच्या न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध. मी जेट्सवाला असल्यामुळे मला तो विसरता येत नाही. (परवा लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेट्सने ह्यूस्टनला २१-१३ हरवलं आणि गॅरेट विल्सनने एका हाताने तो झेल घेतला, म्हणून आज मी जरा माणसात आहे.)

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. २०२२ ला गुडघा गेला, दहा सामन्यांत २८ झेल. २०२३ ला ५३. मॅट रायन गेला, मारिओटा आला, मग रिडर. चेंडू फेकणारा दर वर्षी वेगळा, आणि मंद्याचं कारणही दर वर्षी वेगळं. यंदा कर्क कझिन्स आलाय, त्यामुळे कारणच उरलं नाही.

"पाचव्या ड्राफ्ट पिकवर कोण गेला होता, आठवतंय?" प्राजक्ताने चकली मोडत विचारलं.

जमार चेस, सिनसिनाटीचा गाजलेला वाइड रिसीव्हर. मंद्याने उत्तर दिलं नाही.

काका बराच वेळ ऐकत होते. "आमच्याकडे विनोद कांबळी होता. १९९३ ला लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकं. तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी. आम्ही पुढं कितीतरी वर्षं म्हणत होतो, घ्या रे त्याला परत."

"काका, कांबळीची सरासरी चोपन्न आहे. पिट्सला त्या रांगेत बसवू नका," सुहास एकदम बोलला. क्रिकेट आलं की त्याला कंठ फुटतो.

तर यंदाचा हिशेब. चौथ्या आठवड्यात सेंट्सविरुद्ध फाल्कन्स २६-२४ जिंकले आणि पिट्सच्या नावावर शून्य झेल. म्हणजे शून्य गुण. चारच दिवसांनी टँपाविरुद्ध ७ झेल, ८८ यार्ड. आणि गेल्या रविवारी पुन्हा टँपा: ४ झेल, ९१ यार्ड, २ टचडाउन. २५.१ गुण, तेही मंद्याच्या बेंचवर.

आठवडाभर तो तेच उगाळतोय. "पंचवीस गुण बेंचवर कुजले!"

"अरे, तू किटल लावला होतास. किटलने किती केले?"

"चोवीस पॉइंट आठ."

"म्हणजे नुकसान पॉइंट तीनचं!"

पण त्याला ते दिसतच नाही. बेंचवरचे गुण माणसाला फार मोठे दिसतात.

मी त्या दोन टचडाउनमधला एक नीट पाहिलाय. पिट्स एकटा सुटलेला, पुढे कुणी नाही, आणि गोल लाइन जवळ आल्यावर गड्याने पाय सैल सोडले. मागून टँपाचा विनफिल्ड धावत आला आणि त्याने चेंडूवर हात मारला. चेंडू निसटला, पण रेषेच्या आत की बाहेर? रिप्ले लागला. टचडाउन कायम राहिला, पण केसभराने. अर्धा हात आधी निसटून गोलमधून बाहेर गेला असता तर सहा गुणही गेले असते आणि चेंडूही टँपाचा. मंद्याच्या पंचवीस गुणांतले सहा त्या केसावर लटकलेले आहेत.

त्याच सामन्यात पलीकडच्या बाजूला केड ऑटन होता. ९ झेल, ८१ यार्ड, २ टचडाउन. टचडाउन दोघांचेही काढून टाका: ऑटनचे १७.१ उरतात, पिट्सचे १३.१. त्याच्या आधीच्या सोमवारी ऑटनने बाल्टिमोरविरुद्ध ८ झेल, १०० यार्ड केले होते. त्याच रात्री टँपाचे माइक एव्हन्स आणि ख्रिस गॉडविन दोघेही जखमी झाले. आता बेकर मेफील्डने चेंडू फेकायचा कुणाकडे? अटलांटात पिट्सच्या आधी ड्रेक लंडन आहे, मूनी आहे, बिजान रॉबिन्सन आहे. पंगतीत चौथा बसलाय हा. वाढप्या पोचला तर पोचला. म्हणून मी म्हटलं, ऑटन. डोळे मिटून.

"अजिबात नाही," प्राजक्ता म्हणाली. "ऑटन सोमवारी रात्री कॅन्सस सिटीत आहे. चीफ्स सात पैकी सात जिंकलेत. उलट पिट्स घरच्या मैदानावर, समोर काउबॉइज. गेल्या रविवारी किटलने १२८ यार्ड कुणाविरुद्ध केले? काउबॉइजविरुद्धच. शिवाय चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणारा त्यांचा मायका पार्सन्स जखमी. कझिन्सला पळता येत नाही, पण उभं राहायला वेळ मिळाला की तो लांब फेकतो."

मुद्दा बरोबर होता. मंद्याचा चेहरा उजळला. त्याने लगेच पिट्सला वर ओढलं.

"दोघांनाही लावा की," काका म्हणाले.

फ्लेक्सची, म्हणजे दुसरा टाइट एंडही चालेल अशी जादा जागा असती तर लावता आले असते. दोन वर्षांपूर्वी लीगमध्ये त्यावर मतदान झालं होतं. ठराव एका मताने पडला. ते मत मंद्याचं.

मग सुहासने, ज्याला या खेळातलं सगळ्यांत कमी कळतं, विचारलं, "प्राजक्ता, या आठवड्यात तुझी मॅच कुणाशी आहे?"

प्राजक्ताने डबा बंद केला. मंद्याने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि पिट्सला खाली ओढून ऑटनला वर घेतलं.

"बघ बाबा," ती शांतपणे म्हणाली. "मी खरं तेच सांगितलं."

आणि हेच त्याला झोंबलं, कारण खोटं तिने काहीच सांगितलं नव्हतं.

अडचण अशी की अटलांटाचा सामना उद्या दुपारी एकला, तेव्हा पिट्सची जागा लॉक होणार. उद्या भाऊबीज. मंद्याला साडेबाराला ताईकडे पाटावर बसायचंय आणि ताईने आधीच बजावलंय की ओवाळताना हातात फोन दिसला तर ताटातली करंजीसुद्धा मिळणार नाही.

नऊला कट्टा उठला. आता मी हे लिहितोय तेव्हा साडेअकरा होतायत. मघाशी ॲपवर त्याच्या टाइट एंडच्या रकान्यात ऑटन होता. दहाला पिट्स. आत्ता परत ऑटन. आणि आज रात्री घड्याळं एक तास मागे जाणार आहेत, म्हणजे मंद्याला आणखी एक तास मिळाला.