180 व्होल्टचा जावई

सासुरवाडीत मी इंजिनिअर आहे. खरं तर हिंजवडीत बसून मी बँकांसाठी कोड लिहितो, पण जुन्नर तालुक्यातल्या मळ्यावर हा फरक कोणी मोजत नाही. इंजिनिअर म्हटला की त्याला मोटर कळली पाहिजे, टीव्ही कळला पाहिजे आणि गेल्या दिवाळीत त्यानेच आणलेला पाणी तापवायचा रॉड तर कळलाच पाहिजे.

जानेवारीतली पहाट. साडेपाचला रॉड बादलीत सोडला, सहा वाजले तरी पाणी कोमटच. सासूबाई पाण्यात बोट बुडवून बघायला निघाल्या, तेव्हा आम्ही सगळे एकदम ओरडलो. आधी बटण बंद, मग बोट. बोट बुडवून झाल्यावर त्यांनी निदान केलं, "रॉड गेला."

सासरे चुलीपुढे शेकत होते. तिथूनच म्हणाले, "स्वस्तातला असंल."

हे लागलं. 1500 वॉटचा, आयएसआय छापाचा, घासाघीस न करता घेतलेला रॉड! टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत मी जाहीर केलं की रॉड ठणठणीत आहे आणि हे मी गणिताने सिद्ध करून दाखवतो. माणसाने थंडीत उघड्या अंगाने प्रतिज्ञा करू नयेत.

मेहुण्याची लेक दहावीत. ती वही घेऊनच आली. "मामा, सोप्पंय. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट." व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअरमध्ये मोजतात तो करंट आणि रोध म्हणजे त्या करंटला होणारा अडथळा. झालं, एवढंच. जर्मनीत कोलोनला मास्तरकी करणाऱ्या ओहमने यातला पहिला भाग 1827 मध्ये छापला, तेव्हा त्याला फारसं कोणी विचारलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिलं ते 1841 मध्ये. चौदा वर्षं! मला मान्यता अंघोळीच्या आत हवी होती.

कागदावरचा हिशोब आधी केला. घरात वीज 230 व्होल्टची यायला हवी, म्हणून 1500 ला 230 ने भागलं की साडेसहा अँपिअर. 230 ला साडेसहाने भागलं की साधारण 35 ओहम; रोध त्याच मास्तरच्या नावाने मोजतात. रॉड चांगला असेल तर त्याचा रोध 35 च्या आसपास भरायला हवा. आता मोजायचं.

मेहुण्याकडे मोटरसाठी घेतलेला क्लॅम्प मीटर होता. मी रुबाबात त्याचा चिमटा रॉडच्या वायरीभोवती अडकवला. आकडा आला शून्य.

"बघा," सासरे म्हणाले, "करंटच घेत नाही. गेलाच."

माझे हात गार पडले. ते आधीपासूनच गार होते, पण आता आतूनही. मग मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, चिमटा एकाच तारेला लावायचा." जाणारा आणि येणारा करंट दोन्ही एकाच चिमट्यात धरले, तर एकमेकांना खाऊन मीटरला काही उरत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. बटण बंद करून, पिन काढून, वरचं रबर सोलून तार वेगळी केली. तेवढ्यात बादली आणखी निवली.

पुन्हा बटण चालू केलं. 5.1 अँपिअर. सॉकेटवर व्होल्टेज पाहिलं: 180.

पोरीने आधी भागाकार केला, "35.3 ओहम!" मग गुणाकार, "918 वॉट."

मी चुलीकडे बघितलं. रॉडचा रोध जिथल्या तिथे होता, कमी पडत होतं ते व्होल्टेज. आणि ते सव्वापट कमी झालं म्हणून वॉट सव्वापट घटून थांबत नाहीत. व्होल्ट उतरले की अँपिअरही त्यांच्यामागून उतरतात, मार दोन्हीकडून बसतो. 1500 चे 918 होतात ते असे. वीस लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला 23 मिनिटं लागायची, तिथे 38 लागणार.

"मग बिल तरी कमी येईल," सासूबाई म्हणाल्या. नाही येत. कमी वॉट पण जास्त वेळ, युनिट तेवढंच, अर्ध्याच्या जरा वर. उलट बादलीला गारठा जास्त वेळ लागतो, म्हणून किंचित जास्तच.

इथे थांबलो असतो तर जिंकलो असतो. पण पोरगी हुशार. "मामा, पुस्तकात उष्णतेचं सूत्र आहे, धारेचा, म्हणजे करंटचा, वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. मग जास्त रोधाचा रॉड आणला असता तर जास्त तापला असता ना?"

"मी काय म्हणत होतो?" चुलीकडून आवाज आला.

मी दोन मिनिटं नुसता कुडकुडलो. मग सुचलं. तारेतून येणारं व्होल्टेज रॉडच्या हातात नाही. रोध दुप्पट केला की धारा निम्मी होते. निम्म्याचा वर्ग पाव, पाव गुणिले दोन म्हणजे अर्धा. जास्त रोधाचा रॉड निम्माच तापला असता.

सासऱ्यांनी मान डोलावली. "म्हणजे जो कमी आडवा येतो, त्याच्याकडनं काम जास्त होतं." आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी विषय बदलला. व्होल्टेज पडलंच का? कारण शेतीच्या विजेच्या रात्रीच्या पाळीत डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम सुरू होतात आणि तारा तर लांबच लांब. तारांनाही रोध असतो, वाटेतच पन्नास व्होल्ट खर्ची पडतात. "आता या वेळेला कोण पंप चालवतंय?" मी त्वेषाने विचारलं.

मेहुणा मीटर पुसत होता. "आपलाच चालूय, दाजी. कांद्याला पाणी सोडलंय. शेजारच्यांचेबी हायेत, पण आपला पाच एचपीचा."

मी आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. अर्धा तास पंप बंद ठेवला तर?

"जावईबापू," ते निखारा सारत म्हणाले, "तुमची बादली 38 मिनिटांत तापते, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत ना? मग कांदा कशाला थांबवायचा?"