कंदिसा, क्लच आणि पलासिया

विशीत ज्या बँडवर जीव टाकला तो पन्नाशीत पुन्हा सापडला, की माणूस गाडीत गायला लागतो. घरी सोय नसते. इंदुरात तर नाहीच. ज्या गावात लताबाई जन्मल्या आणि अमीर खाँसाहेब वाढले, तिथे शेजारच्या काकूसुद्धा कान टवकारून बसलेल्या असतात.

माझ्या मते या कामाला सगळ्यात अवघड बँड म्हणजे 'इंडियन ओशन'. दिल्लीचा, १९९० चा. 'कंदिसा' हा त्यांचा अल्बम २००० साली आला आणि तो आपण कॅसेटवर झिजवला. आता गाडीत कॅसेट कुठली? पेनड्राइव्ह घ्या आणि तो फॅट-३२ मध्येच फॉरमॅट करा. कित्येक स्टिरिओंना एनटीएफएस ही दुसरी पद्धत वाचता येत नाही. पेनड्राइव्ह रिकामा आहे असं ते बिनदिक्कत सांगतात. गाण्यांच्या नावांआधी ०१, ०२ असे आकडे टाका. शून्य विसरलात तर काही स्टिरिओ १ नंतर थेट १० वाजवतात. हे किरकोळ नाही. जुन्या अल्बमचं एक गाणं संपता संपता पुढच्याचा पहिला सूर घशात तयार असतो. तिथे भलतंच गाणं आलं, की घसा आणि स्टिरिओ दोन दिशांना जातात.

आवाज किती ठेवावा? मोठा ठेवला की आपण सुरात आहोत असं वाटतं, कारण ऐकू येतो तो मूळ गायक. शिवाय स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, त्यामुळे तो भरदार भासतो. खरी परीक्षा हवी असेल तर ऐन ओळीत आवाज शून्यावर आणा. ही परीक्षा एकट्यानेच द्यावी.

सीटची पाठ किंचित मागे, पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. अपघातातही तोच योग्य आणि श्वासही पोटातून घेता येतो. एसीचं आतली हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. चार माणसं काचा लावून गात बसली की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि अंतऱ्याला जांभया येतात. वरच्या पट्टीत हनुवटी वर जाते, डोळे मिटतात आणि उजवा पाय आपोआप दाबला जातो. तिथे खालच्या सप्तकात गा. कमीपणा वाटून घेऊ नका, पुढे डंपर असतो. छप्पन दुकानवर पोहे खाऊन लगेच गाऊ नये. वर भुरभुरलेला जिरावण मसाला आणि बारीक शेव ताना घेऊ देत नाहीत.

'कंदिसा' हे गाणं नवख्यांना उत्तम. शब्द सिरियाक भाषेतले, केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेतले. काहीही म्हणा, राजवाड्यापासून विजयनगरापर्यंत चूक काढणारा भेटणं कठीण. 'माँ रेवा'ला ही सवलत नाही. बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि हे गाणं नर्मदाकाठच्या लोकगीतावरचं. इंदूर १९७८ पासून जलूदहून उपसून आणलेलं नर्मदेचं पाणी पितं. गाण्यातला तिकडच्या निमाडी बोलीचा शब्द चुकला तर पेट्रोलपंपावरचा मुलगाही सुधारतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पलासिया चौराहा. गाडी थांबते, गाणं थांबत नाही आणि शेजारच्या स्कूटरवरचं अख्खं कुटुंब तुमच्या तोंडात बघतं. इथे अचानक गप्प होणारा माणूस जास्त संशयास्पद दिसतो. त्यापेक्षा फोनवर बोलत असल्यासारखी मान हलवत राहावं. 'काय भिया, कार्यक्रम कुठंय?' असं कुणी विचारलंच तर काच खाली करू नये. सकाळी कचरागाडीच्या मागे अडकलात तर मात्र आपलं गाणं सरळ बंद करा. तिचा भोंगा जिंकतो, आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलेल्या शहरात तिच्याशी भांडायला कुणी येत नाही.

या बँडला रस्ताही लांब लागतो. काही गाणी सात-आठ मिनिटांची, मध्ये गिटार आणि तबल्याचा मोठा पट्टा. तिथे स्टिअरिंगवर ठेका धरणारे हमखास हॉर्न वाजवतात. ठेका दारावर धरा. राऊ ते मांगलिया बायपासवर तीन-चार गाणी आरामात बसतात.

ओंकारेश्वरच्या रस्त्याला भेरूघाटात गाणं बंद, कान ट्रकांच्या हॉर्नकडे. मोरटक्क्याच्या नर्मदेवरच्या पुलावर 'माँ रेवा'च लागावं असा हट्ट असेल तर बडवाहला चहाला थांबून ते तयार ठेवा, पुलावर बटणं चाचपू नका. तरी ते पूर्ण होणार नाहीच. पाणी दिसताच मागून मावशी 'नर्मदे हर' म्हणतात आणि नदीत टाकायला सुटे पैसे मागतात. ते आधीच काढून गिअरजवळ ठेवावेत.