घोड्याच्या पायातील बुटांविषयी खुलासा

‘घोड्याच्या चारही पायांना रोज बूट बांधा, कंडरांना आधार मिळतो’ असा संदेश सध्या फिरत आहे. (बूट म्हणजे गुडघ्याखाली पायाभोवती गुंडाळायचे संरक्षक आवरण; कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा चिवट पट्टा.) तशाच अर्थाची नोंद पूर्वी मीही लिहिली होती. ती चुकीची होती.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, आणि दौडताना सारा भार पेलणाऱ्या कंडरांवरचा ताण निओप्रीनचा (फेसाळ कृत्रिम रबराचा) बूट कमी करू शकत नाही. तो वाचवतो फक्त आघातापासून, म्हणजे एक पाय दुसऱ्याला घासणे किंवा मागची नाल पुढच्या पायाला लागणे यांपासून. उलट, चौखूर दौडीत कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे, आणि जाड बूट ही उष्णता कोंडून धरतो. रपेटीनंतर बूट सोडताना घामेजल्या केसांत रुतलेली वाळू आणि तिने सोललेली कातडी मी स्वतः पाहिली आहे.

म्हणून आधी पाय पाहावेत. घोट्याच्या आतील बाजूचे केस झिजले असतील तर बूट जरूर बांधावेत, बंद बाहेरच्या बाजूला घ्यावेत आणि रपेट संपताच सोडावेत. साध्या रपेटीत न घासणाऱ्या घोड्याला उघडे पायच बरे. माझी जुनी नोंद व तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.